मागचा डावा पाटा

१

“दोनच शब्द आहेत, मावशी. जीभ झिजायची नाही.”

“माझ्या जिभेची काळजी तू करू नकोस. तुझ्या आईच्या जिभेपेक्षा बरीच टिकाऊ आहे ती.”

“आईला मध्ये आणू नकोस. गाडी वाकडी उभी आहे की नाही?”

“आहे.”

“मागचा डावा कोपरा तीन बोटं वर आहे की नाही?”

“मला डोळे आहेत.”

“काम कुणी केलं?”

गॅरेजच्या दारात दोन्ही हात चौकटीला लावून मावशी उभी होती, आणि तिच्यासमोर कमरेवर हात ठेवून तिची भाची. भाचीच्या बोटात चावी होती. भाचीच्या मागे गाडी होती, तोंड आत आणि शेपूट दाराकडे करून.

“मग सरळ हिशेब आहे,” भाची म्हणाली. “काम चुकलं असेल तर ‘माझं चुकलं’ म्हण. मी गाडी जागची हलवत नाही, जुन्या गाड्यांचा मेळावा गेला उडत. आणि काम बरोबर असेल तर दारातून बाजूला हो, मला ऊन आहे तोवर घाट उतरायचाय. दोन्ही डगरींवर पाय ठेवू नकोस.”

“मावशी, म्हणून टाका!” समोरच्या दुकानातून टायरवाल्यानं आवाज दिला. “एकदा ऐकू द्या गल्लीला!”

“तू तुझी हवा भर,” मावशी मान न वळवता म्हणाली.

हे दोन शब्द मावशीनं आयुष्यात कधी उच्चारले नव्हते. नवरा बिचारा ते ऐकायची वाट बघत बघत गेला. ही बाई धंदा शिकली ती गाड्या उघडून आणि पुन्हा बंद करून. गुरू नाही, शाळा नाही, बोटांची नखं कायमची काळी. लोक दूरदूरच्या गावांहून जुन्या गाड्या तिच्याकडे आणत, कारण तिच्या हातून गेलेली गाडी परत येत नसे. अशा बाईनं चुकलं म्हणायचं, तेही चुकलं नसताना, हे तिला विष गिळण्यासारखं होतं.

आणि चुकलं नव्हतंच. काम बरोबर होतं आणि तरीही गाडी बाहेर जाऊ द्यायची नव्हती. त्याचं कारण तिला ठाऊक होतं, पण तोंडातून काढता येत नव्हतं. याच पोरीला लहानपणी तिनं गॅरेजच्या एकेका अंधाऱ्या कोपऱ्यात हात घालायला लावलं होतं. “घाबरतेस कशाला? हात घाल आणि काय लागतं ते सांग.” कधी बोल्ट लागे, कधी चिंधी लागे. पोरीची भीती अशी मुळापासून उपटून टाकल्यावर आता तिला काय सांगणार, तिथे हात घालू नकोस म्हणून?

२

गाडी आली तेव्हा मावशी पाना हातात घेऊन तशीच उभी राहिली होती.

आयुष्यभर लोखंडात काढलेल्या बाईला सहसा कशाचं कौतुक वाटत नाही. पण ही गाडी तशी नव्हती. गडद निळी, इतकी गडद की सावलीत काळीच दिसावी. भरदार खांदे, लांब नाक, आणि कडेनं ओढलेली चांदीची एकच रेघ. ती रेघ ओढणाऱ्याचा हात कापला नव्हता. हल्लीच्या गाड्या डबीसारख्या असतात, आत काय आहे हे बाहेरून कळत नाही. या गाडीकडे बघून वाटे, हिला काही सांगायचं असेल तर ही स्वतःहून सांगेल, विचारायला जाऊ नये.

“कशी आहे म्हातारी?” भाचीनं विचारलं होतं. पोरीनं सगळी हौस हिच्यावर ओतली होती. इंजिन स्वतः उघडून जुळवलं होतं, सीटा नव्यानं मऊ चामड्याच्या करून घेतल्या होत्या.

“मला म्हणतेस की हिला?”

“तुला काय बघायचं! हिला.”

“देखणी आहे. काय करायचंय?”

“खाली करायचीय. पोट रस्त्याला लागेल न लागेल इतकी. मेळाव्यात सगळ्या जुन्या गाड्या चवड्यांवर उभ्या असल्यासारख्या येतात. माझी बसलेली दिसली पाहिजे, मांजर बसतं तशी.”

मावशीला उपमा पटली. गाडी खाली करणं हे भल्याभल्यांना जमत नाही. लोक स्प्रिंगा कापतात आणि गाडी गुडघे मोडल्यासारखी चालते. खाली करायची तर तिच्या चालीला धक्का न लावता करायची. मागे आस असतो, आसाखाली पाटे असतात, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या कमानी. आस आणि पाटा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसवायचा. ठोकळा जितका जाड, तितकी गाडी खाली. ऐकायला सोपं आहे. ऐकायला सगळंच सोपं असतं.

मावशी गाडीभोवती एक फेरी मारून मागे येऊन थांबली आणि डोळा बारीक केला.

“ही डावीकडे बसलीय.”

“थकला असेल पाटा. वय झालं.”

“वय दोन्हीकडचं सारखंच झालं असेल की. का डावीकडचं लवकर होतं?”

मागचा डावा कोपरा तीन बोटं खाली होता. मागच्या डाव्या सीटवर कुणी ऐसपैस बसलेलं असावं, तसा. मावशीनं सवयीनं काचेतून आत पाहिलं. सीट रिकामी होती.

३

जॅक लावला तर उजवीकडे तो लोण्यासारखा चढला, डावीकडे कुरकुरला. मावशीनं जॅकला तेल दिलं. तरी कुरकुरला. तिनं जॅकला शिवी दिली आणि पुढच्या कामाला लागली.

दोन्ही पाटे काढून तिनं बाकड्यावर शेजारी शेजारी ठेवले. थकलेला पाटा सपाट होतो, म्हाताऱ्या माणसाची कंबर वाकते त्याच्या उलट. तिनं दोन्हींवर पट्टी धरली. दोन्हींची कमान एकसारखी होती, जुळ्या भावांच्या भुवयांसारखी. डावा तसूभरही थकलेला नव्हता.

मग तिनं डावा उजवीकडे बसवला, उजवा डावीकडे. दोष पाट्यात असेल तर पाट्याबरोबर दोषही बाजू बदलेल. गाडी खाली सोडली. दोष हलला नाही. डावीकडेच तीन बोटं.

सांगाडा वाकडा असेल, म्हणून दोरी ताणली, ओळंबा सोडला. सांगाडा बाणासारखा सरळ. चारी टायरांत हवा सारखी. डिकी रिकामी. सीटखाली हात घातला, पार कोपऱ्यापर्यंत. थोडी धूळ लागली, तीही मऊ आणि स्वच्छ. सांभाळलेल्या गाडीची धूळ.

एक गोष्ट मात्र तिनं पाहिली आणि बाजूला ठेवून दिली. जॅक काढला की गाडीचा कोपरा खाली येतो, एकदा खाली-वर झुलतो आणि मग थांबतो. पाट्याचा स्वभावच तो, वजन आलं की एकदा मान हलवतो. उजवा कोपरा झुलला. डावा झुलला नाही. तो आला आणि बसला, कुणी अलगद हातानं ठेवावा तसा.

“अरे टायरवाल्या, इकडे ये. मागे डावीकडे बस.”

टायरवाला गल्लीतला सगळ्यांत भारी माणूस. “मावशी, पंगतीला बोलवायचं सोडून वजनाला बोलावता!” म्हणत तो आत शिरला. शिरता शिरता थबकला. मग सीटवर बसला, पण अगदी कडेला, दाराला चिकटून.

“नीट मागे सरकून बस की. नवी नवरी आहेस का?”

“बरा आहे मी इथे.”

तो बसल्यावर कोपरा आणखी बोटभर खाली गेला. मावशीनं मोजलं. एवढा मोठा माणूस, तर एक बोट. मग आधीची तीन बोटं कशाची? टायरवाला उतरला, हात पँटला पुसले आणि नेहमीसारखा विनोद न करता दुकानात गेला. मावशीच्या ते लक्षात आलं. पण लक्षात येणं आणि विश्वास ठेवणं यात अंतर असतं, आणि ते अंतर राखण्यातच तिची हयात गेली होती.

४

रोग कळला नाही तरी खोड जिरवता येते. पुढची बाजू उतरवून झाल्यावर मागे उजवीकडे तिनं जाड ठोकळा बसवला. डावीकडे बारीक, बरोब्बर तीन बोटांच्या फरकाचा. कोपरा आपणहून खाली आहेच, तर तो तसाच धरून बाकीची गाडी त्याच्याजवळ आणायची.

पण तिच्या हाताची खरी करामत पुढे होती. जोडांमधली रबरं गाडी अधांतरी असताना कधी आवळायची नसतात. तशी आवळली तर रबर त्याच जागेची आठवण धरतं आणि पुढे जन्मभर गाडीशी भांडतं. गाडी जमिनीवर सोडायची, पुढे-मागे ढकलायची, प्रत्येक कोपरा दाबून झुलवायचा. मग मालकाला त्याच्या जागी बसवायचं. गाडी ज्याची, भार त्याचा. त्या भारानं गाडी जिथे स्थिरावते, तीच तिची जागा, आणि मग आवळायचं. इतर ठिकाणी वाळूची पोती ठेवतात. मावशी म्हणे, पोत्याला गाडी चालवायची नसते.

भाची स्टिअरिंगमागे बसली. मावशी खाली सरपटली आणि एकेक नट आवळत गेली.

“मावशी, झालं का? पाय अवघडले.”

“हलू नकोस. मागचे पण हलू नका.”

“मागचे कोण?”

मावशी गाडीखाली तशीच थांबली. हे आपण का म्हणालो, ते तिला कळेना. “जिभेला वळण लागलंय,” ती म्हणाली. “चार माणसं बसवून काम करायची सवय.” आणि शेवटचा नट आवळला.

बाहेर येऊन तिनं गाडी पाहिली आणि हात पुसायचंही विसरली. गाडी बसली होती. मांजरासारखी नाही, त्याहून सुंदर. एखादी मानी बाई सभेत येते, कुणाकडे न बघता आपल्या जागेवर बसते, आणि मग बाकीच्यांना कळतं की आपण उभे आहोत, तशी. चारी मडगार्ड चाकांवर पापणीसारखे उतरलेले. तिनं डिकीवर पाण्यानं काठोकाठ भरलेली ताटली ठेवली. एक थेंब सांडला नाही. गल्ली गोळा झाली. टायरवालासुद्धा रस्त्याच्या पलीकडून म्हणाला, “मावशी, हात दाखवा तुमचे, पाया पडतो.”

“तिथूनच पड,” मावशी म्हणाली. पण ती खूश होती. इतकं सरळ काम तिच्या हातूनही क्वचित होई.

५

आज दुपारी ती मागच्या खोलीत जेवत होती. खोली म्हणजे गॅरेजचाच शेवटचा तुकडा. तिथे एक लांब फळी दोन लोखंडी पायांवर टाकलेली, तेच बाक, तेच टेबल, तेच दुपारचं अंथरूण. दार उघडं होतं. दारातून गाडीची पुढची काच आणि एक दिवा दिसत होता.

तिला आवाज आला. जड माणूस गाडीतून उतरतो तेव्हा पाटा जो सुस्कारा टाकतो, तो. हा आवाज तिनं इतक्यांदा ऐकला होता की झोपेतही तिनं सांगितलं असतं, मागचा, डावा.

“आलीस का गं?” तिनं घास तोंडात ठेवून विचारलं.

मग तिच्या ध्यानात आलं की दाराचा आवाज झाला नव्हता. त्या गाडीची दारं जुन्या वजनदार पत्र्याची, लावली की तीन घरं पलीकडे कळावं अशी. ती उठून बाहेर आली. चारी दारं बंद. गॅरेजमध्ये कुणी नव्हतं. रस्त्यावर ऊन होतं, समोर टायरवाला डुलकी घेत होता.

मागचा डावा कोपरा तीन बोटं वर आला होता.

तिनं आधी ठोकळा तपासला. जागेवर. नट तपासले. आवळलेले. पाटा बोटानं वाजवला, स्वच्छ वाजला. काम बरोबर होतं, इतकं बरोबर की अंगावर काटा यावा. गाडी तिनं ज्या भारावर बसवली होती, तो भार आता गाडीत नव्हता.

काचेतून तिनं सीट पाहिली. नव्या चामड्यात रुंद खळगा होता. तिच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू भरत आला, आणि चामडं पुन्हा सपाट झालं, जणू तिथे कधीच कुणी नव्हतं.

आता हे सांगितलं तर लोक हसतील, पण तिला भीती आधी वाटली नाही. आधी कौतुक वाटलं. एवढं वजन आणि एवढी हलकी हालचाल. दार न उघडता, गाडीला हिसका न देता, आजूबाजूच्या हवेलाही कळू न देता. असं उतरणारा माणूस तिनं पाहिला नव्हता. तिनं ‘माणूस’ हा शब्द मनातल्या मनात खोडला आणि त्याच्या जागी दुसरा ठेवला नाही.

मग ती जेवायला परत वळली आणि खोलीच्या उंबऱ्यावर थांबली.

फळी वाकली होती. पलीकडच्या टोकाला, भिंतीजवळ. ती फळी मावशीनं स्वतः बसवलेली. ती आणि भाची दोघी बसल्या की किती वाकते, हे तिला पाठ होतं. आता ती त्याच्या कितीतरी पट वाकली होती. या टोकाला तिचं ताट होतं, ते तिरकं झालं होतं, आणि पाण्याचा पेला हळूहळू भिंतीकडे सरकत होता.

लाकूड आहे, ती स्वतःला म्हणाली. ओल धरतं, फुगतं, वाकतं.

तिनं ताट उचललं. पेला उचलला. फळीकडे पाठ केली नाही. आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्यानं जेवली. पण जेवली. घाबरून ताट टाकणारी बाई ती नव्हती.

६

म्हणून आता ती गॅरेजच्या दारात हात पसरून उभी होती. इथून तिला दोन्ही दिसत होतं. भाचीच्या खांद्यावरून गाडीचा वर आलेला कोपरा, आणि त्याच्याही पलीकडे, खोलीच्या उघड्या दारातून, वाकलेली फळी.

“दोन दिवस थांब,” ती म्हणाली. “गाडीला बसू दे.”

“बसली की. काल तूच म्हणालीस, ताटलीतलं पाणी दाखवून.”

“मग मी येते तुझ्याबरोबर.”

“तू? घाटात तुला मळमळतं. मागच्या खेपेला सगळी गाडी धुवावी लागली.” भाची हसली, मग थांबली. तिचा आवाज जरा उतरला. “मावशी, काय झालंय तुला? सकाळपर्यंत ठीक होतीस. चौकट एवढी घट्ट का धरलीस?”

“दार जड आहे.”

“दार भिंतीला आहे, तू धरलंस म्हणून राहिलेलं नाही.” भाची एक पाऊल पुढे आली. “ऐक. मला राग नाही आलाय. पहिल्यांदाच चुकलीस, त्यात काय? माणूस आहेस. पण तसं म्हणायचंही नाही आणि जाऊही द्यायचं नाही, हे चालणार नाही. तुझ्याकडूनच शिकले मी हे. लोखंड एकतर बरोबर असतं नाहीतर चूक, मधलं काही नसतं. कुणाचं वाक्य?”

मावशी ऐकत नव्हती. ती फळीकडे बघत होती.

फळी सरळ झाली होती. एकदाही न झुलता.

“मावशी?”

खोलीच्या दारातून काही आलं नाही. गॅरेजच्या फरशीवर पाऊल वाजलं नाही. भिंतीला टांगलेले पाने मात्र, आधी खोलीजवळचे, मग मधले, मग गाडीजवळचे, एकेक करून हलके हलले, कुणी अंग चोरून जवळून जावं तसे.

“बरं. तुझी मर्जी,” भाची म्हणाली. “मी मोजते पाचपर्यंत, आणि मग सरळ गाडीत जाऊन बसते. दार उघडंच आहे, गाडी मागे घेईन, तू आपोआप बाजूला होशील. एक.”

तिच्या पाठीमागे मागचा डावा कोपरा खाली यायला लागला. सावकाश. पाट्याचा आवाजही नाही. एक बोट. दोन. तीन. आणि थांबला. झुलला नाही.

गाडी सरळ झाली. देखणी, शांत, ताटलीत पाणी न हलावं इतकी सरळ. मावशीच्या हातांनी केलेलं सगळ्यांत उत्तम काम तिच्यासमोर उभं होतं, आणि भाचीनं फक्त मान वळवली असती तर तिला कळलं असतं की मावशी आयुष्यात कधी चुकली नाही, आजही नाही.

“दोन. बघ हं, मी खरंच जाईन.”

मागच्या काचेतून पुढच्या सीटची पाठ दिसत होती, नवं मऊ चामडं, ड्रायव्हरची बाजू. तिथे, वरच्या कडेला, चामडं हळूच दबलं. निघायची वेळ झाली की मागे बसलेला पुढे वाकून पुढची सीट धरतो, तशी बोटं रुतावीत, तसं. मागच्या डाव्या कोपऱ्यातून तिथवर पोचायला हात किती लांब हवा, ते मावशीनं मापलं नाही. बोटं किती, तीही तिनं मोजली नाहीत. उभ्या जन्मात मोजल्याशिवाय तिनं काही सोडलं नव्हतं. हे सोडलं.

“तीन,” भाची म्हणाली आणि गाडीकडे वळायला लागली.

मावशीनं चौकटीवरचे हात काढले, पोरीचं मनगट घट्ट धरून तिला आपल्याकडे, उन्हाकडे फिरवलं, आणि समोरच्या दुकानातल्या टायरवाल्यालाही ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, “माझं चुकलं!”